चुन्याची निवळी

सोपाननानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कॉर्पोरेशनच्या धूर फवारणीवाल्यापुढे दोन्ही हात पसरून उभे होते. डेंग्यूचे दिवस होते. आकुर्डीच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो, अर्धं सामान अजून जिन्यातच होतं. खाली पार्किंगमध्ये बनियन आणि लेंगा घातलेला एक उंच, वाळका माणूस फवारणीवाल्याला विनवत होता, "भावा, पाच मिन्टं दम धर. खिडक्या लावतो, फटीत वली फडकी कोंबतो, मंग तुझं काय ते कर. डास मरू देत, पर आत माझी कोळंबी हाय."

"काका, कोळंबी फ्रीजमध्ये ठेवा की."

"आरं, जिती हाय ती!"

मी मनात म्हटलं, झालं, तळमजल्यावर एक सटकलेला आहे. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते, त्यामुळे कुणाबद्दलही मत बनवायला मला वेळ लागत नाही. हे मत मी पुढे बदललं, पण अगदी सगळं नाही. नाना थोडे सटकलेले होतेच.

ती बिल्डिंग उभी होती ती जमीन नानांच्या घरची. एके काळी तिथे ज्वारी आणि हरभरा व्हायचा. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात जे फ्लॅट दिले त्यातला तळमजल्याचा नानांनी स्वतःला ठेवला. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्या आईला जिना नको म्हणून. ते खरंच होतं, पण दुसरं कारण हॉलमध्ये होतं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेची टाकी, वर निळसर दिवे, खाली कपाटात घरघरणारे पंप, आणि आत समुद्र. एवढं वजन वरच्या मजल्यावर ठेवायला बिल्डरने हात जोडले होते.

टाकी पाहायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मासे कुठंयत?" मासे दोनच होते, तेही दगडांमागे लपलेले. नाना म्हणायचे, "त्ये भाडेकरू हायत. मालक ह्ये." आणि बोट दाखवायचे पोवळ्यांकडे. आलेल्या माणसाच्या ध्यानात यायला थोडा वेळ जायचा. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा एवढंच आपल्याला माहीत. ते जिवंत असतं, टाकीत वाढतं, दिव्याखाली फुलतं आणि हात लावला की मिटतं, हे मलाही तिथेच कळलं. नाना समजावून सांगायचे, "पवळं म्हंजी गवंडी बगा. रोज थोडं घर बांधतं. पान्यातलं कॅल्शियम म्हंजी त्याच्या इटा, आन पान्यातला क्षार म्हंजी सिमेट. दोनी बरोबर पायजेत. एकाचाच ट्रक आनून वतला तर काम हुत न्हाई, रस्ता आडतो."

नाना नोकरीभर दुचाकीच्या कारखान्यात पेंट शॉपला होते. रंगवलेला पत्रा नमुन्याच्या पत्र्याशी जुळतो का, ते डोळ्यांनी बघून सांगायचं, हे त्यांचं काम. पुढे ते काम मशीन करू लागलं, नानांनी व्हीआरएस घेतली, पण डोळा काही रिटायर झाला नाही. भाजीवाल्याकडचं वांगं ते उन्हात धरून बघायचे. सोसायटीने जिना रंगवला तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याचा पिवळा वेगळा आहे म्हणून महिनाभर हळहळत होते. आम्हाला कुणाला तो फरक दिसला नाही. आणि माणसांचंही तेच. मी कंपनीच्या बसमधून उतरून गेटातून आत आले की खिडकीतून आवाज यायचा, "ताई, आज एक शेड खाली हाय. च्या घेऊन जावा." आधी राग यायचा. दमलेल्या बाईला तू दमलेली दिसतेस हे सांगायची काय गरज? पण चहा चांगला असायचा, आणि बॉसने झापलेलं, नवऱ्याशी वाजलेलं, असलं काहीही त्यांच्यापासून लपत नसे.

पाण्याची तपासणी ही त्यांची रोजची पूजा. आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, तेही साबण न लावता, कारण साबणाचा अंशसुद्धा टाकीला विष. मग काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकत जायचं. गुलाबी पाणी हळूहळू जांभळं होतं आणि शेवटी निळं. किती थेंब लागले त्यावरून कॅल्शियम किती ते कळतं. पण निळं कधी झालं म्हणायचं, इथे नानांचं अडायचं. नळी दिव्याकडे धरून एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "आजून जांभळ्याकडं झुकतंय." मी घाईची बाई. मला ते निळंच दिसायचं. "झालं की हो नाना!" म्हटलं की ते हसायचे. "ताई, समुद्राला शिफ्ट नसती."

हे वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असे. कॅल्शियम कमी झालं तर एकदम वाढवायचं नाही, मीठ जास्त झालं तर एकदम उतरवायचं नाही. चुकीचं पाणी एक वेळ चालेल, पण पाण्याला दचकवायचं नाही, असं त्यांचं तत्त्व होतं. ते लग्नकार्यातही त्याच चालीने जेवायचे. पंगत उठली तरी नानांची पोळी अर्धीच असायची.

एका गुरुवारी लाइट गेली ती दुपार कलली तरी येईना. पंप बंद पडले की टाकीतला प्राणवायू संपत जातो. बॅटरीही उतरली. नेमकी त्याच दिवशी सोसायटीची मीटिंग होती, टँकरच्या पाण्यावरून. नानांनी निरोप पाठवला की मीटिंग माझ्या हॉलमध्ये घ्या. आम्ही गेलो तर नाना स्टुलावर उभे, हातात तांब्या. टाकीतलं पाणी तांब्याने उचलायचं आणि वरून धार धरून परत ओतायचं, म्हणजे हवा मिसळते. त्यांनी सेक्रेटरींच्या हातात दुसरा तांब्या दिला. "तुमी बोलत ऱ्हावा, हात चालू ठिवा." मग काय, ज्याची बोलायची पाळी त्याच्या हातात तांब्या. एरवी एकेक जण अर्धा अर्धा तास भाषण ठोकायचा. त्या दिवशी हात भरून आले की मुद्दा आपोआप संपायचा. आमच्या सोसायटीची एवढी झटपट मीटिंग आधी कधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही.

आणि अलिबाग. आम्ही कुटुंबासह निघालो तेव्हा नानांनाही गाडीत घेतलं, म्हटलं घरात समुद्र पाळणाऱ्याने खरा समुद्र तर बघावा. नानांनी किनाऱ्यावर चपला काढल्या, वाकून नमस्कार केला, आणि खिशातून मीठ मोजायची दुर्बिणीसारखी नळी काढली. काचेवर समुद्राचे दोन थेंब टाकले, उजेडाकडे धरली, आणि काळजीने म्हणाले, "मीठ कमी हाय ओ हितं. पाऊस लय झाला आसल." माझी मुलं वाळूत लोळून हसली. परतताना नानांनी गाडीत फक्त एक वाक्य उच्चारलं, की आपल्या टाकीचं पाणी जास्त स्वच्छ आहे, पण आवाज मात्र तिकडचा चांगला.

घरात नाना आणि त्यांची आई, दोघंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी हिंजवडीपलीकडे माणला दिलेली. आईला नाना 'बाई' म्हणत, जुन्या गावकरी घरांत म्हणतात तसं. मी आजी म्हणायचे. नव्वदीकडे झुकलेली, बारीक अंगाची, नऊवारी नेसणारी, कनवटीला पानाची चंची. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले पोवळ्याचे दोन मणी. टाकीत पहिलं पोवळं आलं तेव्हा म्हणे त्या आपले मणी चिमटीत धरून बराच वेळ काचेपुढे उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मी एवडी वर्सं मढं गळ्यात घालून हिंडती व्हय?"

आजींचं दुःख एकच होतं, हातांना काम नव्हतं. जन्मभर शेत केलेली बाई. खुरपं धरायला जमीन नाही, स्वयंपाकाला बाई लावलेली, देवापुढच्या उदबत्तीचीसुद्धा नानांनी बाल्कनीत रवानगी केलेली, कारण धूर पाण्यात उतरतो. निवडलेले तांदूळ त्या पुन्हा निवडायच्या. जिन्यात मला गाठून म्हणायच्या, "लेकी, मेथीबिथी आसंल तर दे आनून, निवडून देती." मी कधीकधी मुद्दाम दोन जुड्या जास्त आणायचे. टाकीपाशी त्या रोज तासन्‌तास बसत, पण तिथे मात्र नाना कडक. "बाई, बग. पर हात लावायचा न्हाई." एरवी आईपुढे आवाज न चढवणारा माणूस, एवढं एक वाक्य जरा जोरात बोलायचा.

टाकीत मधोमध होती जांभळी. पिंपरीत जावेदभाईंचं माशांचं दुकान आहे. त्यांच्याकडच्या टाकीत वाढलेल्या पोवळ्याचा नखाएवढा तुकडा त्यांनी नानांना दिला होता. नानांनी तो दगडाला चिकटवला आणि वर्षानुवर्षं वाढवला. मी आले तेव्हा ती फ्लॉवरच्या गड्ड्याएवढी झाली होती. रंग जांभूळ फोडल्यावर आत दिसतो तसा, आणि प्रत्येक फांदीचं टोक फिक्कट हिरवं. नाना म्हणायचे, कारखान्यात एवढे रंग जुळवले, पण हा रंग बनवता आला नसता. सकाळी उठून आधी तिच्याकडे बघायचे, मग देवाकडे.

जांभळी मोठी झाली आणि तिथेच गाडं अडलं. एवढ्या मोठ्या पोवळ्याला कॅल्शियमही तेवढंच लागतं. नाना बाटलीतलं औषध घालायचे, ते पुरेना. रोज तपासलं की आकडा कालच्यापेक्षा खाली. फांद्यांची हिरवी टोकं वाढायची थांबली. नाना जावेदभाईंना फोन लावून बसायचे. "कॅल्शियम लय खाली आलंय ओ. काय करू, सुदरंना." जावेदभाई पलीकडून म्हणायचे, "नाना, सबर करो, एकदम कुछ मत डालना." नाना सबर करत होते, पण त्यांचं जेवण तुटलं होतं. रात्री उठून टाकीपुढे बसलेले असायचे. हे सगळं घरातली दुसरी व्यक्ती रोज बघत होती, रोज ऐकत होती, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

रविवार होता. नाना नातवाच्या वाढदिवसाला माणला गेले होते. मी दोडक्याच्या भाजीची वाटी घेऊन खाली गेले. दार नेहमीसारखं उघडं. आजी नानांच्या स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर, चेहऱ्यावर मोठं समाधान. आणि टाकीत ताक होतं. मला दुसरा शब्द सुचत नाही. काचेच्या आत नुसतं ताक घुसळलेलं, त्यात जांभळी नाही, दगड नाहीत, काही दिसत नव्हतं.

"आजी, हे काय?"

"चुना," आजी म्हणाल्या. "रोज फोनवर म्हनतंय, कॅल्शियम कमी, कॅल्शियम कमी. लेकराला झोप न्हाई. आगं, कॅल्शियम म्हंजी चुनाच की. आमी बाळतिनीला इड्यातनं काय देत व्हतो? हाडं भरत्यात त्यानं. बाजारातनं आनल्याली अख्खी पुडी कालीवली आन वतली. आता खाईल जांभळी पोटभर."

मला रसायनशास्त्र फार कळत नाही, पण अख्ख्या पुडीने काय होणार एवढं नानांच्या सहवासात कळलं होतं. मी बाल्कनीत जाऊन फोन लावला. मागे वाढदिवसाचा गोंगाट ऐकू येत होता.

"नाना, टाकी पांढरी झालीय. आजींनी चुना घातला."

"किती?"

"सगळी पुडी."

 गोंगाट कमी झाला, बहुधा नाना बाहेर अंगणात आले असावेत. मग म्हणाले, "बाई कुटं हाय?"

"इथेच आहेत, टाकीपाशी."

"तिला कळलंय का?"

"काय?"

"की वंगाळ झालं म्हनून."

मी वळून पाहिलं. आजी काचेला नाक लावून आत बघत होत्या. "नाही," मी म्हटलं. "खूश आहेत."

"मंग तसंच ऱ्हाऊ द्या. आदी तिला वर न्या तुमच्या घरी. जेवू घाला. मंग मला फोन करा, काय करायचं त्ये सांगतो."

"अहो नाना, तोपर्यंत टाकी..."

"आदी बाई," नाना म्हणाले.

मी आजींना वर नेलं, ताटावर बसवलं, नवऱ्याला त्यांच्याजवळ गप्पांना बसवलं आणि पळत खाली आले. मग नाना फोनवर सांगत गेले आणि मी करत गेले. कोपऱ्यावरच्या गाडीवरून साध्या सोड्याच्या बाटल्या आणल्या. चुन्याने पाणी जाळ झालं होतं, सोड्यातल्या वायूने तो जाळ उतरतो. पण तोही घोट घोट घालायचा, एकदम नाही. अशा वेळीसुद्धा त्या माणसाची घाई नव्हती. मी मात्र रडकुंडीला आले होते. हिंजवडीचं ट्रॅफिक कापत नाना पोचले तेव्हा त्यांनी आधी हात धुतले, कोपरापर्यंत, बिनसाबणाचे. मग पिंपात तयार ठेवलेलं मिठाचं पाणी घेऊन आम्ही दोघांनी टाकीचं पाणी बदलायला घेतलं. जावेदभाई दुकान बंद करून आणखी पाणी घेऊन आले. संध्याकाळी काचेतून पलीकडचं दिसू लागलं. एक मासा गेला होता, कोळंब्या गेल्या होत्या. आणि जांभळी चिकट शेंबडासारखं काहीतरी सोडत होती. त्यात तिचा रंग उतरून चालला होता. नाना बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

मेलेला मासा आणि कोळंब्या त्यांनी कागदात गुंडाळून मागच्या कढीपत्त्याखाली पुरल्या. मग हात पुसून वर आले, आईला न्यायला. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, बरं केलंस. चुनाच पायजे व्हता. मला मेल्याला सुचलंच नसतं."

आजी अशा हसल्या की तोंडातला तो एकच दात दिसला. मला नानांचा राग आला. एवढं काय आईपुढे खोटं बोलायचं, तुमची इतक्या वर्षांची मेहनत गेली, निदान एकदा ओरडा तरी, असं वाटलं. आणि लगेच माझेच डोळे भरून आले. मी ओट्याकडे वळून भांडी घासायला लागले.

दोन दिवसांनी जांभळी पांढरीफटक पडली. आजींनी विचारलं, "रंग कुटं गेला रं हिचा?"

"कात टाकतीय," नाना म्हणाले.

"आस्सं," आजी म्हणाल्या.

पण पुढचं नानांनी केलं ते खोटं नव्हतं. जावेदभाईंशी बोलून, तपासून, त्यांनी ठरवलं की चुनाच वापरायचा, फक्त रीतीने. पान दुकानातला सुगंधी नाही, साधा, पांढरा. तो शुद्ध पाण्यात ढवळायचा, रात्रभर बसू द्यायचा, गाळ खाली राहतो आणि वर स्वच्छ निवळी येते. टाकीतलं जेवढं पाणी रोज उडून जातं तेवढीच ती निवळी थेंबाथेंबाने आत सोडायची. टाकीवर बाटली टांगली, तिला मेडिकलमधून आणलेली सलाइनची नळी लावली. आणि हे सगळं झाल्यावर आईला म्हणाले, "बाई, निवळी काडायचं काम माझ्यानं हुईना. हात थरथरतो, गाळ हालतो. तू करशील?"

त्या माणसाचा हात आयुष्यात कधी थरथरला नव्हता.

त्या दिवसापासून आजींना नोकरी लागली. संध्याकाळी चुना ढवळायचा, बरणीवर जुन्या लुगड्याचं फडकं बांधायचं, कुणी बरणीला धक्का लावला तर त्याची आईबहीण काढायची. सकाळी पळीने वरवरची निवळी अशी उचलायची की गाळ जागचा हलत नसे. मग नळीचं चाक फिरवून थेंब लावायचा आणि तो पडतो कसा ते बघत बसायचं. मेथीच्या जुड्या मागायच्या बंद झाल्या. मी आपणहून आणल्या तर म्हणायच्या, "आता कुटं ग येळ मला?" नाना नळी उजेडाकडे धरून थेंब मोजायचे आणि आत ओरडून सांगायचे, "बाई, आकडा वर आलाय गं!" आतून उत्तर यायचं, "येनारच."

आणि मागच्या बाजूला, दगडाच्या आडोशाला, जांभळीचा अंगठ्याएवढा भाग वाचला होता. महिन्यांमागून महिने गेले तसा तो आपल्याच पांढऱ्या सांगाड्यावर चढू लागला. नाना रोज टॉर्च मारून बघायचे. जांभळा आधी फिका होता, मग भरत आला. एक दिवस मी बसमधून उतरले तर खिडकीतून हाक आली, "ताई, शेड जुळली!" मी चपला न काढताच आत धावले.

गेल्या पावसाळ्यात आजी पडल्या त्या उठल्याच नाहीत. दवाखाना झाला, मग घरी आणलं. हॉलमध्येच पलंग टाकला, टाकीसमोर. सलाइन लावली होती. त्यांनी एकदा वरच्या बाटलीकडे पाहिलं, एकदा टाकीवरच्या बाटलीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "आमा दोगींचं सारकंच चाललंय."

नाना औषधं आणायला बाहेर गेले होते. आजींनी माझं मनगट धरलं.

"लेकी, पवळं कात टाकतंय व्हय कुटं?"

मी दुसऱ्या हाताने त्यांची चादर सारखी करू लागले.

"शेतकऱ्याची बायको मी. जळल्यालं पीक वळखंना व्हय मला? खत जादा पडलं की जवारी आशीच पांडरी पडती. आन कडीपत्त्याखालची माती बी बगितली मी, ताजी उकारल्याली. म्या मारली त्याची जांभळी."

"आजी, मग तेव्हा बोलला का नाही?"

"त्यो म्हनला, बरं केलंस. मंग म्या बी म्हनलं, बरं केलं. काय बोलायचं? लेकराला वाटतंय आईला ठावं न्हाई. त्या जिवावर हसतोय. तेवडं त्याला आसू दे. तू सांगू नगं."

मी मान हलवली. त्यांनी मनगट सोडलं आणि टाकीकडे तोंड फिरवून डोळे मिटले. त्यानंतर आठवड्याभरातच त्या गेल्या.

कंपनीने माझी गुजरातच्या प्लांटला बदली केली. सामानाचा ट्रक गेटात लागला तेव्हा मी निरोप घ्यायला खाली गेले. नाना जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर बादली, बादलीत मिठाचं पाणी आणि तळाशी पोवळ्याचे दोन मणी. आजींच्या गळ्यातले.

"आळंदीला राख, अस्थी सगळं सोडलं," नाना म्हणाले. "ह्ये दोन तेवडे ठिवले. म्हनलं समुद्रातनं आल्यालं हायेत, समुद्रात जाऊ देत. पर जुनं मनी, काय रंगबिंग लावल्याला आसला तर? आदी बादलीत भिजवून बगतोय. रोज पानी तपासतो."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. आईचे शेवटचे मणी, पण ते टाकीत सोडायचीही या माणसाला घाई नव्हती.

"मग? सोडतायत का रंग?"

"न्हाई. आस्सल हायेत." त्यांनी ते बाहेर काढून पंच्यावर ठेवले.  मग खाली बघतच विचारलं, "ताई, तुमच्यापाशी बसायची लय. त्या चुन्याचं... तिला कदी कळलं न्हाई ना?"

"नाही हो नाना," मी म्हटलं. "कुठून कळणार?"

नानांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, एक डोळा किंचित बारीक करून, नळीतलं पाणी दिव्याकडे धरून बघायचे तसं. मी नजर हलवली नाही, हसण्याचाही प्रयत्न केला. पण तोंडाचा रंग माझ्या हातात नव्हता, आणि समोर कोण बसलंय ते मला माहीत होतं. ते किती तरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी हलकेच मान डोलावली.

"आसू दे," नाना म्हणाले.

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. नाना उठले, मोरीत गेले, कोपरापर्यंत हात धुतले. मणी चिमटीत धरून स्टुलावर चढले आणि कोपर बुडेपर्यंत हात पाण्यात घातला. जांभळी मिटली. दोन्ही मणी तिच्या बुंध्याशी, पांढऱ्या सांगाड्यावर नवा जांभळा चढत येत होता तिथे ठेवून त्यांनी हात अगदी सावकाश बाहेर काढला. मी दारापर्यंत जाऊन मागे वळून पाहिलं तेव्हा ते स्टुलावरच उभे होते, हातातून पाणी निथळत होतं, आणि जांभळी पुन्हा उमलायची वाट बघत होते.